माजी पंतप्रधानांवर खटला : परवानगी कुणाची, कधी आणि कशासाठी?

पेशकार (धागाकर्ता)

२०२५ या एकाच वर्षात किती माजी राष्ट्राध्यक्ष-पंतप्रधानांवर कोर्टाची पाळी आली बघा. फ्रान्सचे सार्कोझी ऑक्टोबरात पॅरिसच्या ला सांते तुरुंगात गेले आणि तीनेक आठवड्यांनी अपिलाच्या सुनावणीपर्यंत बाहेर आले. ब्राझीलच्या बोल्सोनारोंना २७ वर्षं ३ महिन्यांची शिक्षा झाली. श्रीलंकेत रनिल विक्रमसिंघेंना ऑगस्टमध्ये अटक झाली. आरोप लंडनच्या एका दौऱ्यावर सरकारी पैसा उधळल्याचा. शेख हसीनांना ढाक्याच्या न्यायाधिकरणाने गैरहजेरीत फाशी सुनावली.

आपल्याकडे विषय निघाला की दोनच सूर लागतात. एक, 'सगळ्यांना आत टाका'. दुसरा, 'हा राजकीय सूड आहे'. दोन्हींत कायद्याचं नाव नसतं. म्हणून हा धागा. भारतापुरतं बोलू, बाहेरची उदाहरणं जिथे उपयोगी पडतील तिथेच घेऊ.

सुरुवातीला एक गैरसमज बाजूला काढतो. खटल्यापासूनचं, घटनेच्या अनुच्छेद ३६१ चं संरक्षण फक्त राष्ट्रपती आणि राज्यपालांना आहे, तेही पदावर असेपर्यंत. कल्याणसिंहांचं उदाहरण ताजं आहे. बाबरी प्रकरणात ते आरोपी, पण राजस्थानचे राज्यपाल. एप्रिल २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की पद सुटल्यावर आरोप निश्चित करा. सप्टेंबर २०१९ मध्ये मुदत संपली, त्याच महिन्यात आरोप निश्चित झाले. सप्टेंबर २०२० मध्ये इतर ३१ जणांबरोबर ते निर्दोष सुटले. काय निकाल लागला हा मुद्दा वेगळा. यंत्रणा कशी चालते ते यातून कळतं.

पंतप्रधान आणि मुख्यमंत्र्यांना असं संरक्षण नाही, खुर्चीवर असतानाही नाही. ते द्यायचा प्रयत्न मात्र झाला होता. ऑगस्ट १९७५ मध्ये, आणीबाणीत, राज्यसभेने एक घटनादुरुस्ती विधेयक मंजूर केलं. पंतप्रधानांना पदावर येण्याआधीच्या आणि पदावर असतानाच्या कृत्यांसाठी तहहयात फौजदारी संरक्षण, असा त्याचा मजकूर. लोकसभेत ते आलंच नाही.

म्हणजे कागदावर माजी पंतप्रधान आणि माजी तलाठी एकाच रांगेत. मग घोडं अडतं कुठे?

---

गोदाकाठ

घोडं १९७७ मध्येच अडलं. ३ ऑक्टोबरला इंदिराबाईंना अटक झाली, ४ ऑक्टोबरला दंडाधिकाऱ्यांनी सोडलं, आणि सव्वादोन वर्षांत त्या पुन्हा पंतप्रधान. जनता सरकारला त्यातून काय मिळालं? माजी नेत्यावरचा खटला म्हणजे त्याला फुकटची सहानुभूती. लोकांनी मतपेटीतून शिक्षा दिलेली असते, ती पुरेशी आहे.

---

तळटीप

गोदाकाठ, १९७७ चा धडा तुम्ही उलटा वाचताय. ती अटक फसली ती नेता माजी होता म्हणून नव्हे, तयारी नव्हती म्हणून.

काय काय चुकलं ते पाहू. प्राथमिक माहिती अहवालातले आरोप दोन : निवडणूक प्रचारासाठी कंपन्यांकडून जीपगाड्या घेतल्या, आणि तेल उत्खननाचं कंत्राट एका फ्रेंच कंपनीला दिलं. आणीबाणीतल्या अटका, सेन्सॉरशिप, तुर्कमान गेट यांपैकी काही त्यात नाही. लोकांचा राग ज्याच्यावर होता ते बाहेर, आणि जीपगाड्या आत. कागदपत्रं गोळा व्हायच्या आधीच अटक. दंडाधिकाऱ्यांसमोर कोठडीचं कारण दाखवता येईना, म्हणून दुसऱ्या दिवशी सुटका.

त्यात अटकेची अंमलबजावणी म्हणजे फार्स. गाड्या हरियाणातल्या बडखलकडे निघाल्या आणि वाटेत रेल्वे फाटक बंद. इंदिरा गांधी गाडीतून उतरून मोरीच्या कठड्यावर बसल्या. वकिलांनी तिथेच हरकत घेतली की दिल्लीबाहेर नेता येणार नाही. ताफा उलटा फिरला. कोठडी कुठे द्यायची हे आधी ठरवून लेखी घेणं ही कुठल्याही तपास अधिकाऱ्याची पहिली पायरी, आणि ती इथे सुटली.

दुसरी चूक शाह आयोगाची, म्हणजे आणीबाणीतल्या गैरप्रकारांची चौकशी करणाऱ्या आयोगाची. मे १९७७ मध्ये नेमला, तीन अहवाल आले, काम नेटकं होतं. पण चौकशी आयोग कायदा १९५२ च्या कलम ६ प्रमाणे आयोगापुढे दिलेली साक्ष त्या व्यक्तीविरुद्ध खटल्यात वापरता येत नाही. अपवाद एकच, खोटी साक्ष दिल्याचा खटला. म्हणजे आयोगाने ढीगभर लिहिलं तरी पोलिसांना साक्षीदार आणि दस्तऐवज पहिल्यापासून उभे करावे लागतात. आपल्याकडे दर प्रकरणात 'आयोग नेमा' अशी मागणी होते, तेव्हा खटला दोन-तीन वर्षं मागे पडतो हे कुणी सांगत नाही.

तिसरी गोष्ट आणीबाणीतल्या गुन्ह्यांसाठी काढायच्या विशेष न्यायालयांची. ऑगस्ट १९७८ मध्ये राष्ट्रपतींनी त्यासाठीच्या विधेयकावर सर्वोच्च न्यायालयाचं मत मागितलं. सरन्यायाधीश यशवंत चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालच्या सात जणांनी १ डिसेंबरला मत दिलं : वेगळं न्यायालय चालेल, पण तिथे निवृत्त न्यायाधीश बसवू नका, उच्च न्यायालयाचे सेवेतले न्यायाधीशच हवेत. कायदा १९७९ मध्ये आला. तोवर जनता पक्षाचीच वाट लागली होती. १९८० मध्ये सत्ता पालटली आणि ती न्यायालयं गुंडाळली गेली. एका माणसासाठी बांधलेलं न्यायालय त्या माणसाच्या पुढच्या विजयाबरोबर पडतं. नेहमीच्या न्यायालयात, नेहमीच्या कलमांखाली खटला भरला असता तर तो मोडायला इतकं सोपं नसतं.

---

बारा_भानगडी

आयोगाबद्दल +१०१. आयोग म्हणजे सरकारी शीतपेटी.

बाकी 'मतपेटीतून शिक्षा' हे मला कधी पटलं नाही. मग चोरी केलेल्या सरपंचाला निवडणुकीत पाडलं की सोडून द्यायचं का?

---

शिरस्तेदार

घोडं अडतं ते मंजुरीपाशी. हा भाग रटाळ आहे, पण सगळी मेख इथेच आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याच्या कलम १९ प्रमाणे सक्षम अधिकाऱ्याच्या पूर्वमंजुरीशिवाय न्यायालय दखलच घेऊ शकत नाही. प्रश्न असा, की आरोपी पदावरून गेला असेल तर मंजुरी लागते का? याचं उत्तर महाराष्ट्राने दिलं. अंतुले जानेवारी १९८२ मध्ये मुख्यमंत्रिपदावरून गेले, सिमेंट वाटपाच्या प्रकरणात न्या. लेंटिन यांनी दिलेल्या निकालानंतर. रा. श्री. नायक यांच्या फिर्यादीवर विशेष न्यायाधीश म्हणाले, अंतुले अजून आमदार आहेत, त्या नात्याने मंजुरी लागेल. फेब्रुवारी १९८४ मध्ये घटनापीठाने ते फिरवलं : ज्या पदाचा गैरवापर झाला ते पद दखल घेण्याच्या दिवशी आरोपीकडे नसेल, तर मंजुरीची गरज नाही. नवं पद असलं तरी नाही. पंजाबचे मुख्यमंत्री राहिलेल्या प्रकाशसिंह बादल यांच्या प्रकरणात २००६ मध्ये हेच पुन्हा सांगितलं गेलं.

जवळजवळ ३४ वर्षं हा नियम होता. खुर्ची गेली की कवच गेलं.

२६ जुलै २०१८ पासून तो उलटला. कलम १९ मध्ये 'गुन्ह्याच्या वेळी नोकरीत होता' असे शब्द घातले. आता माजीलाही मंजुरीचं कवच. सोबत नवं कलम १७अ : अधिकारपदाच्या कामात घेतलेल्या निर्णयाची वा शिफारशीची चौकशी किंवा तपास सुरू करण्याआधीच परवानगी. लाच घेताना रंगेहाथ पकडलं तर मात्र ती लागत नाही. शिवाय कलम १३(१)(ड) काढून टाकलं. त्याच्या तिसऱ्या उपखंडात 'सार्वजनिक हित नसताना दुसऱ्याला आर्थिक फायदा मिळवून देणं' हाच गुन्हा होता. लाच घेतल्याचं सिद्ध करावं लागत नसे.

हे उपखंड महत्त्वाचं का? डॉ. मनमोहन सिंगांना मार्च २०१५ मध्ये विशेष न्यायाधीशांनी तालाबिरा-२ कोळसा खाणीच्या प्रकरणात समन्स काढलं, त्यात हेच होतं. सीबीआयने तपास बंद करण्याचा अहवाल दिला होता, न्यायालयाने तो नाकारला. १ एप्रिल २०१५ ला सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती दिली आणि डिसेंबर २०२४ मध्ये त्यांच्या निधनापर्यंत खटला उभा राहिला नाही. पैसे घेतल्याचा आरोप कुठेच नव्हता. एका खाणवाटपाच्या फायलीवरचा निर्णय गुन्हा ठरतो का, एवढाच वाद होता. माझ्या मते १३(१)(ड)(तीन) काढलं ते योग्य झालं. चुकीचा निर्णय आणि विकलेला निर्णय यांत फरक राहिलाच पाहिजे. नाहीतर सही करायला कुणी धजावणार नाही. पण १७अ आणि माजींना दिलेलं कलम १९ हे दोन्ही एकाच वेळी, हा मात्र अतिरेक.

---

गोदाकाठ

मंजुरी म्हणजे चाळणी आहे. कुणीही उठून खासगी फिर्याद ठोकली तर माजी पंतप्रधान आयुष्यभर तारखाच करत बसेल. ती नको?

---

शिरस्तेदार

चाळणी हवीच. ती कुणाच्या हातात आहे ते बघा.

अशोक चव्हाणांचं आदर्श प्रकरण घ्या. माजी मुख्यमंत्री. डिसेंबर २०१३ मध्ये राज्यपाल शंकरनारायणन यांनी मंजुरी नाकारली. सरकार बदललं, राज्यपाल बदलले. फेब्रुवारी २०१६ मध्ये विद्यासागर राव यांनी मंजुरी दिली. डिसेंबर २०१७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती रद्द केली, कारण एकदा नाकारल्यावर फेरविचार करायला लागणारा, न्यायालयात टिकेल असा नवा पुरावा समोर आला नव्हता. एकाच माणसाचं एकच प्रकरण, दोन राज्यपाल आणि दोन उत्तरं. आरोपीला न्याय मिळाला असं म्हणा किंवा तक्रारदाराला मिळाला नाही असं म्हणा, दोघांच्याही मनात शंका राहणारच.

ते तरी राज्य होतं. केंद्रात माजी पंतप्रधानाच्या बाबतीत १७अ ची परवानगी देणार केंद्र सरकार, म्हणजे व्यवहारात त्यांचा उत्तराधिकारी. तो स्वपक्षाचा असेल तर फाईल हलत नाही आणि विरोधी असेल तर सूड म्हणून बोंब होते. तिसरा पर्यायच ठेवलेला नाही.

वेळेचंही ऐका. तेव्हाचे दूरसंचार मंत्री ए. राजांविरुद्ध खटल्याच्या मंजुरीसाठी सुब्रमण्यम स्वामींनी नोव्हेंबर २००८ मध्ये पंतप्रधानांना पत्र लिहिलं, उत्तर आलं मार्च २०१० मध्ये. त्यावरचा निकाल जानेवारी २०१२ चा. आता कायद्यात तीन महिने अधिक एक महिना अशी मुदत आहे, पण ती उलटली तर मंजुरी मिळाली असं धरत नाहीत. गंमत म्हणजे जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे नव्या फौजदारी प्रक्रिया कायद्याच्या, कलम २१८ मध्ये (जुन्यातलं १९७) १२० दिवसांत निर्णय नाही तर मंजुरी दिली असं समजायचं अशी तरतूद आली. भ्रष्टाचाराच्या कायद्यात मात्र नाही. जिथे हवी तिथेच नाही.

---

हान_काठ

दक्षिण कोरियाचं लिहितो, कारण तिथे ही गोष्ट घटनेतच सोडवलेली आहे.

अनुच्छेद ८४ : राष्ट्राध्यक्षावर पदावर असताना खटला नाही; अपवाद बंड आणि देशद्रोह. म्हणूनच ३ डिसेंबर २०२४ च्या लष्करी कायद्यानंतर युन सक-योल यांना १५ जानेवारी २०२५ ला पदावर असतानाच ताब्यात घेता आलं. गुन्हा बंडाचा नसता, तर ४ एप्रिलला घटना न्यायालयाने त्यांना पदच्युत करेपर्यंत थांबावं लागलं असतं.

मग मुदतीचं काय? पदावर असेपर्यंत खटला नाही आणि तेवढ्यात गुन्ह्याची मुदत संपली, असं झालं तर? १९९५ मध्ये घटना न्यायालयाने सांगितलं की पदावर असताना मुदतीचं घड्याळ थांबतं. फ्रान्सने हेच अनुच्छेद ६७ मध्ये लिहून ठेवलंय. मुदत गोठते, आणि पद सुटल्यावर एका महिन्याने कारवाई सुरू करता येते. सार्कोझींचे एकामागून एक खटले त्याच वाटेने आले.

कोरियाचा दोष वेगळा आहे : माफी. माजी राष्ट्राध्यक्षांचीच यादी घ्या. चुन दू-ह्वान यांना १९९६ मध्ये फाशी, अपिलात जन्मठेप, डिसेंबर १९९७ मध्ये घरी. पार्क ग्युन-हे डिसेंबर २०२१ मध्ये सुटल्या, ली म्युंग-बाक १७ वर्षांच्या शिक्षेतून डिसेंबर २०२२ मध्ये. दर वेळी 'राष्ट्रीय ऐक्य' हेच कारण. फक्त चुन यांच्यावरची २२०.५ अब्ज वॉनची वसुली माफीने संपली नाही. ती ते मरेपर्यंत त्यांच्या मागे होती, आणि तरी पूर्ण झाली नाही. नातेवाइकांच्या नावावरची मालमत्ता शोधायला २०१३ मध्ये वेगळा कायदा करावा लागला. तुरुंगवासावर सगळ्यांचं लक्ष असतं. पैसा परत आणणं त्याहून अवघड, आणि त्याचे कागद पहिल्या आठवड्यातच गोठवावे लागतात.

---

गोदाकाठ

माफी वाईटच असं नाही. अमेरिकेत सप्टेंबर १९७४ मध्ये राष्ट्राध्यक्ष फोर्डनी आधीच्या निक्सनना माफ केलं, देश पुढे गेला.

---

हान_काठ

खटल्याच्या आधी माफी दिली, त्यामुळे नेमका गुन्हा काय हे कुठल्याच न्यायालयाने ठरवलं नाही. माजी राष्ट्राध्यक्षावर खटला चालू शकतो का, हा प्रश्न पन्नास वर्षं तसाच लोंबकळत राहिला. १ जुलै २०२४ ला तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी उत्तर दिलं : घटनेने दिलेल्या मूळ अधिकारांतल्या कृत्यांना पूर्ण संरक्षण, बाकी अधिकृत कृत्यांना किमान गृहीत संरक्षण, खासगी कृत्यांना काहीच नाही. वर, संरक्षित कृत्यं दुसऱ्या आरोपासाठी पुरावा म्हणूनही वापरायची नाहीत. हे शेवटचं सगळ्यात जाचक आहे. लाचेच्या खटल्यात पैसे दाखवाल, पण सही त्या पैशासाठीच केली हे दाखवायची मारामार.

---

पेशकार

चांगली चर्चा. नरसिंह राव कुणीच आणले नाहीत म्हणून मी आणतो. रामटेकचे दोन वेळचे खासदार, आणि खटल्यात दोषी ठरलेले आपले पहिले माजी पंतप्रधान.

२८ जुलै १९९३. अविश्वास ठराव २५१ विरुद्ध २६५ असा पडला. आरोप असा की झारखंड मुक्ती मोर्चाच्या खासदारांना पैसे देऊन मतं वळवली. पुरावा दोन पायांवर उभा होता : बँकेतल्या ठेवी, आणि माफीचा साक्षीदार झालेले खासदार शैलेंद्र महतो. १९९८ मध्ये घटनापीठाने तीन विरुद्ध दोन असा अजब निकाल दिला, की पैसे घेऊन मत देणाऱ्यांना अनुच्छेद १०५ चं (खासदारांच्या सभागृहातल्या भाषणाला आणि मताला असलेलं) संरक्षण, पैसे देणाऱ्यांना नाही. म्हणून घेणारे सुटले आणि राव उरले. सप्टेंबर २००० मध्ये विशेष न्यायालयाने दोषी ठरवलं, ऑक्टोबरात तीन वर्षं सक्तमजुरी. मार्च २००२ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने निर्दोष सोडलं, कारण महतोंच्या साक्षीवर विसंबता येईना. पैसा बँकेत दिसत होता. तो रावांच्या सांगण्यावरून आला, हा दुवा फक्त त्या एका तोंडावर टांगलेला.

माजी नेत्यांचे खटले बहुधा इथेच पडतात. वरचा माणूस कधीच सही करत नाही, खालचा माणूस माफीचा साक्षीदार होतो, आणि त्याच्या साक्षीला स्वतंत्र दुजोरा मिळत नाही. तपासाने फोन, भेटींच्या नोंदी, फाईलवरचे शेरे, बैठकांचे कार्यवृत्त यांच्यामागे आधी लागायला हवं, साक्षीदार नंतर.

अवांतर : तो १९९८ चा निकाल मार्च २०२४ मध्ये सात जणांच्या पीठाने एकमताने रद्द केला. अध्यक्षस्थानी धनंजय चंद्रचूड, म्हणजे वर आलेल्या यशवंतरावांचे चिरंजीव.

---

तळटीप

एक भोक बुजलंय ते नोंदवतो. पूर्वी सरकार बदललं की जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३२१ खाली खटला मागे घ्यायचे. ऑगस्ट २०२१ पासून आजी-माजी खासदार-आमदारांवरचा खटला उच्च न्यायालयाच्या परवानगीशिवाय मागे घेता येत नाही.

आणि माजी मुख्यमंत्री तुरुंगात जातातच. लालूप्रसाद, चौटाला, मधू कोडा. राज्यात जमतं ते केंद्रात का जमत नाही?

---

बारा_भानगडी

लोकपाल मेला का? त्याचं नाव नाही कुणाच्या तोंडी.

---

शिरस्तेदार

मेला नाही, पण पंतप्रधानांच्या बाबतीत हातपाय बांधलेत.

लोकपाल म्हणजे बड्या पदांवरच्यांविरुद्धच्या भ्रष्टाचाराच्या तक्रारी पाहणारी यंत्रणा. तिच्या २०१३ च्या कायद्याच्या कलम १४ मध्ये आजी आणि माजी पंतप्रधान दोन्ही येतात. त्यातून वगळलेलं : परराष्ट्र संबंध, अंतर्गत व बाह्य सुरक्षा, सार्वजनिक सुव्यवस्था, अणुऊर्जा, अवकाश. चौकशी सुरू करायला अध्यक्ष आणि सगळ्या सदस्यांचं पूर्ण पीठ, दोन तृतीयांश संमती, कामकाज बंद दाराआड. तक्रार फेटाळली तर कागद जाहीर होत नाहीत.

जमेची बाजू मोठी आहे. खटल्याची मंजुरी लोकपाल स्वतः देऊ शकतो, सरकारकडे जावं लागत नाही. वर चाळणीबद्दल गोदाकाठांनी विचारलं, तर अशी चाळणी मला चालेल.

पण कलम ५३ पाहा. गुन्ह्याच्या तारखेपासून सात वर्षांनंतरची तक्रार लोकपाल घेत नाही. आता हिशेब करा. एखादा पंतप्रधान सलग दहा वर्षं पदावर राहिला, तर पहिल्या तीन वर्षांतलं सगळं पद सोडण्याच्या दिवशीच मुदतीबाहेर. पदावर असताना त्याच्याविरुद्ध कागद कोण बाहेर काढणार? मागे फक्त सीबीआयचा रस्ता उरतो, म्हणजे पुन्हा १७अ, पुन्हा उत्तराधिकाऱ्याची परवानगी. एरवी आपल्या फौजदारी कायद्यात तीन वर्षांपेक्षा जास्त शिक्षेच्या गुन्ह्याला मुदतच नाही. मग इथेच सात वर्षं का? कोरिया-फ्रान्ससारखं पदावरची वर्षं मोजू नका, एवढी एक ओळ कलम ५३ मध्ये घातली तरी निम्मं काम होईल. उरलेलं निम्मं, माजींच्या प्रकरणात १७अ आणि १९ ची परवानगी सरकारकडून काढून लोकपालाकडे देणं आणि १२० दिवसांची अट घालणं.

---

गोदाकाठ

मुदतीचं पटलं. वगळलेल्या विषयांचं नाही पटलं, संरक्षण खरेदी 'सुरक्षा' म्हणून सहज बाहेर जाईल. आणि सामान्य माणसाला ही तक्रार करता येते की फक्त वकिलांना?

---

शिरस्तेदार

कुणालाही येते. ठरलेला नमुना, ओळखीचा पुरावा, प्रतिज्ञापत्र. निनावी तक्रार थेट बाद. घटनेची तारीख स्पष्ट लिहा, कारण सात वर्षं तिथूनच मोजतात. 'सन २०१९ च्या सुमारास' असं मोघम लिहिलं की तिथेच गाडं अडतं. एका तक्रारीत एकच व्यवहार ठेवा, दहा घोटाळ्यांची जंत्री जोडू नका. प्राथमिक चौकशीला साधारण ९० दिवस, कारण नोंदवून आणखी ९०. आठव्या अनुसूचीतल्या भाषा चालतात, म्हणजे मराठीत लिहिता येते. जाणूनबुजून खोटी तक्रार केल्याचं सिद्ध झालं तर एक वर्षापर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड. सद्भावनेने केलेल्या तक्रारीला ते लागू नाही.